शेततळ्यातील माशांना मासळीच्या कुटीऐवजी स्पिरुलिना देता येईल का?

कवठेमहांकाळ भागातील शेततळ्यात तिलापिया पाळताना मासळीच्या कुटीऐवजी (वाळवलेल्या मासळीच्या भुकटीऐवजी) घरच्या टाकीत वाढवलेली स्पिरुलिना, म्हणजे पाण्यात वाढणारे एक सूक्ष्म शैवाल, वापरून खाद्याचा खर्च कमी करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. मीही याच तालुक्यात द्राक्षबागेच्या तळ्यात मासे पाळतो आणि हा प्रयोग एक उन्हाळा केला आहे. प्रथिनांच्या दृष्टीने तुमची कल्पना बरोबर आहे. अडचण येते ती वजनाची.

वाळलेल्या स्पिरुलिनात साधारण ५५ ते ७० टक्के प्रथिने असतात, म्हणजे ती चांगल्या कुटीच्या बरोबरीने उभी राहते. क्लोरेला या दुसऱ्या सूक्ष्म शैवालाची पेशीभिंत चिवट असते, त्यामुळे ती फोडल्याशिवाय माशाला नीट पचत नाही. स्पिरुलिनाला ही अडचण नाही. मात्र लायसिन आणि मेथिओनिन ही अमिनो आम्ले तिच्यात कुटीपेक्षा कमी असतात.

आता हिशोब पाहा. पाव किलोचे हजार मासे असतील, तर एकूण वजन २५० किलो झाले. त्याच्या ३ टक्के दराने रोज साडेसात किलो खाद्य लागेल आणि त्यात ३० टक्के प्रथिने धरल्यास सव्वादोन किलो प्रथिने द्यावी लागतील. ती सगळी ६० टक्के प्रथिनांच्या स्पिरुलिनातून काढायची, तर रोज पावणेचार किलो वाळलेला माल हवा. चांगल्या दिवसांत एका चौरस मीटर टाकीतून रोज ८ ग्रॅमच्या आसपास वाळलेला माल निघतो असे धरले, तरी जवळजवळ पावणेपाच गुंठे टाकी लागते. शिवाय पाण्याचा सामू (pH) ९ ते १०.५ ठेवण्यासाठी सोडा, सतत ढवळण्यासाठी वीज आणि वाळवणे हे खर्च आहेतच. कापडातून गाळलेला हिरवा लगदा मी पिळून, शेवयांसारखा काढून पत्र्यावर पसरत असे. एका दुपारी वळवाचा पाऊस आला आणि आठवड्याची मेहनत पन्हळीतून वाहून गेली.

म्हणून मुख्य प्रथिनांसाठी भुईमुगाची किंवा सोयाबीनची पेंड ठेवावी, आणि स्पिरुलिना खाद्याच्या २ ते ५ टक्के, तीही बोटुकलीच्या (बोटाएवढ्या पिल्लांच्या) अवस्थेत किंवा रंगीत मासे विकायचे असल्यास, वापरावी. तिच्यातील कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमुळे रंग खुलतो आणि रंगीत माशाला भाव रंगावर मिळतो.

तुमच्या तळ्यातील हिरवे पाणी हेही सूक्ष्म शैवालच आहे आणि तिलापिया ते गाळून खातो, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. हात कोपरापर्यंत बुडवल्यावर तळवा दिसेनासा होण्याच्या बेतात असावा. त्याआधीच दिसेनासा झाला तर शैवाल वाढवण्यासाठी तळ्यात शेण टाकत असाल ते थांबवावे, कारण रात्री तेच शैवाल पाण्यातील प्राणवायू ओढते आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून आ वासताना दिसतात.