एकट्याने खेळून कमावलेली लेव्हल आणि हत्यारं मल्टिप्लेअरमध्ये वापरणं हे चीटिंग आहे का?

मित्र घरी सोलो खेळून कॅरेक्टर दणकट करतो आणि तेच घेऊन तुमच्याविरुद्ध ऑनलाइन उतरतो, म्हणून तुमचं डोकं फिरलंय. त्याला चीटिंग म्हणणार नाही, पण समोरासमोरच्या लढतीत अन्याय नक्कीच आहे. मात्र दोष त्याचा कमी, गेम बनवणाऱ्यांचा जास्त.

आधी त्याची बाजू. ऑफिस सुटल्यावर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून कासारवडवलीला पोहोचेपर्यंत नऊ वाजतात, तोवर आमच्या ग्रुपमधले निम्मे लोक लॉगआउट झालेले असतात. तेव्हा एकट्याने घालवलेला तास कुठेतरी जमा व्हावा, असं मलाही वाटतं. २०१० च्या 'हेलो: रीच' या गेममध्ये कॅम्पेन, म्हणजे कथेचा भाग, खेळूनही क्रेडिट मिळायचे आणि त्यातून चिलखताचे भाग घेता यायचे. ते फक्त दिसण्यापुरते, गोळी सगळ्यांना सारखीच लागायची. अशा शेअरिंगला कोण नाही म्हणेल?

एकाच बाजूने खेळतानाही मजा मात्र जाऊ शकते. 'टेरारिया'त कॅरेक्टर आपल्या सामानासकट कुठल्याही वर्ल्डमध्ये जातं. आम्ही नवं वर्ल्ड उघडलं, लाकडी तलवारी घेऊन झोंबी मारत होतो, आणि ऐरोलीचा मामेभाऊ आला तो थेट सोलर फ्लेअरचं, म्हणजे गेमच्या शेवटी मिळणारं, चिलखत घालून. आय ऑफ क्थुलू हा बॉस, म्हणजे मोठा शत्रू, आम्ही नीट बघायच्या आत संपला! मामेभाऊ खूश, बाकीचे गप्प. त्याला सांगितलं, 'बाबा रे, नवीन कॅरेक्टर काढ.' काढलं त्याने. पण हा सौजन्याचा मामला झाला, कुणी हरलं नव्हतं.

समोर प्रतिस्पर्धी असला की पहिला प्रश्न असा, की कॅरेक्टरची नोंद राहते कुठे? 'डायब्लो २' (२०००) मध्ये दोन सोयी होत्या. कंपनीच्या बॅटल.नेट या ऑनलाइन सेवेच्या 'ओपन' भागात सोलोचंच कॅरेक्टर नेता यायचं, पण त्याची फाइल खेळणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर असायची. लोक एडिटरने, म्हणजे फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने, हवी ती हत्यारं त्यात घालायचे. दुसऱ्या, 'क्लोज्ड रेल्म' नावाच्या भागात कॅरेक्टर कंपनीच्या सर्व्हरवर, सोलोचं तिथे चालतच नसे. मनापासून खेळणारे तिकडेच वळले.

नोंद कुठेही असली तरी ताकदीचा फरक उरतोच. पहिल्या 'डार्क सोल्स'मध्ये दुसऱ्याच्या जगात घुसताना जोडी फक्त सोल लेव्हल, म्हणजे कॅरेक्टरची लेव्हल, बघून लागायची. काही महाभाग लेव्हल मुद्दाम खाली ठेवून गेममध्ये खूप पुढे जायचे, हत्यार पक्कं करायचे आणि मग परत येऊन नवख्यांना झोडपायचे. २०१८ च्या 'रीमास्टर्ड' या सुधारित आवृत्तीत हत्याराची अपग्रेड पातळीही बघायला लागले. मला 'गिल्ड वॉर्स २'ची रीत सगळ्यात पटते: पीव्हीपीत (खेळाडू विरुद्ध खेळाडू) शिरलात की सगळे लेव्हल ८०, साहित्य समान, बाहेरची कमाई बाहेर.

उलट दिशेचा अन्याय मला जास्त खुपतो, आणि त्यावर कुणी बोलत नाही. 'मास इफेक्ट ३' (२०१२) मध्ये सोलो कथेसाठी जमवलेलं सैन्यबळ सुरुवातीला निम्मंच धरलं जायचं, ते वाढवायला मुख्यतः मल्टिप्लेअर खेळावं लागे. कथेसाठी गेम घेतलेल्या माणसाला सर्वोत्तम शेवट हवा, तर अनोळखी लोकांबरोबर खेळ! त्याच वर्षी 'एक्स्टेंडेड कट' हा वाढीव शेवट आणून त्यांनी ती अट सैल केली.

तुमच्या मित्राशी भांडण्याआधी प्रायव्हेट मॅचच्या सेटिंगमध्ये सगळ्यांना एकाच लेव्हलवर आणायचा पर्याय आहे का, ते शोधा. नसेल तर दोघांनी नवी कॅरेक्टर काढून एक शनिवार खेळा. तो त्यालाही तयार नसेल, तर त्याच्याबरोबर को-ऑप, म्हणजे एकाच बाजूने, तेवढं खेळा, पीव्हीपी सोडून द्या.