नडगी भरून येते, किक मात्र पडत नाही

प्रश्न : सर, मी आमच्या गावच्या ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवतो. मिनिटाला १४० ठोक्यांच्या पुढे लय गेली की जोडीच्या दोन किकमधली (पायाने पेडल दाबून मोठ्या ड्रमवर मारतो तो ठोका) दुसरी दबते आणि नडगी भरून येते. जोरात मारायला गेलो की लय ढिली पडते. दोन्ही पायांनी वाजवायचं डबल पेडल घेऊ का? (वय १९, जिल्हा सांगली)

उत्तर : पैसे सध्या खिशातच ठेव. लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर जॉन बोनम १९६९च्या पहिल्याच अल्बममध्ये एकाच पेडलवर अशा काही किक मारून गेलाय की नवख्याला दोन पाय वाटावेत. तुझं दुखणं पेडलच्या संख्येत नाही.

नडगी भरते म्हणजे तू पाऊल दर वेळी ओढून वर घेतोयस. ते काम पेडलच्या स्प्रिंगचं आणि ड्रमच्या कातड्याच्या उसळीचं. चेंडू टप्प्यावर खेळवताना आपण तो हाताने वर ओढत नाही, तसंच. आधी बैठक बघ. मंडपातली प्लॅस्टिकची खुर्ची उंच पोराला ठेंगणी पडते, गुडघा वर येतो आणि सगळा भार नडगीवर जातो. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती हवी.

मग पाय न लावता बीटर, म्हणजे ड्रमवर आपटणारी पेडलची दांडी, मागे ओढून सोड. घड्याळाच्या लंबकासारखा हलत राहिला तर ठीक. दोन-चार हेलकाव्यांतच थांबला तर बिजागरीत धूळ आहे, थेंबभर तेल घाल. ड्रममध्ये गोधडी कोंबली असेल तर थोडी काढ, कातड्याला चिकटून बसलेली गोधडी उसळ खाते. स्प्रिंग फार कसू नकोस. कसली की परत यायला बरी, पण दाबायला ताकद जास्त लागते.

आता जोडीची किक. टाच जरा उचललेली, चवडा पेडलच्या फळीच्या मधोमध. पहिली किक घोट्याने, हलकी. बीटर उसळून परत येत असतानाच पाऊल पुढे सरकव आणि दुसरी चवड्याने, पायाचं वजन टाकून मार. दुसरी जड पडली पाहिजे, तुझी नेमकी उलटी पडतेय. पहिल्या किकला बीटर कातड्यात रुतवून ठेवलास तर दुसरीला जागाच उरत नाही. रॉकवाले रुतवतात, आवाज कोरडा येतो, मलाही तो आवडतो. पण जोडीत फक्त दुसरीला.

मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र, ६०वर लाव. एका ठोक्यात दोन किक, पुढचा ठोका गप्प. दुसरी दबायची थांबेपर्यंत ६४ नाही. कंटाळवाणं आहे, माझे विद्यार्थी इथंच पळतात. वेग चार-चारने वाढव, आणि रियाज पातळ तळव्याच्या बुटात कर. स्पोर्ट्स शूजच्या जाड रबरातून फळी जाणवत नाही.

जोर लागतो तो बीटरच्या प्रवासातून आणि पायाच्या वजनातून. मांडी आवळून आवाज मोठा होत नाही, फक्त लय बिघडते.

नडगीतला ठणका वाजवणं थांबवल्यावरही राहत असेल तर काही दिवस पेडलला हात, म्हणजे पाय, लावू नकोस. तरीही राहिला तर हाडांच्या डॉक्टरांना दाखव.