सोनं गहाण टाकून 40 एचपी? कण्हेरला 25 पुरते

प्रश्न: वय 44, मेढ्यात कृषी सेवा केंद्र आहे. कण्हेर जलाशयावर गळाने मासेमारी करायला साडेपंधरा फुटी फायबरची बोट ठेवली आहे. तिची 16 वर्षं जुनी 40 एचपी टू-स्ट्रोक मोटर दिवाळीनंतर बाहेर काढली तेव्हापासून धापा टाकत होती, मार्चमध्ये पुरती बसली. टाकीत पावसाळ्याआधीचंच मिक्स पेट्रोल होतं. मेकॅनिकने मोजलेलं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) एका सिलिंडरला 118 आणि दुसऱ्याला 82 पीएसआय. गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ. दुरुस्तीला 90 हजार सांगतोय (इंजीन 65, गिअरबॉक्स 25). कोकणातून सेकंडहँड 40 एचपी फोर-स्ट्रोक 1 लाख 90 हजारांना मिळते. नवी फोर-स्ट्रोक फिटिंगसह 40 एचपी 5 लाख 40 हजार, 25 एचपी 3 लाख 25 हजार. माझा विचार नव्या 40 चा आहे: 1 लाख 60 हजार हाताशी आहेत, 3 लाख सोनेतारण, 80 हजार साडेतीन लाखांच्या एफडीतून, ती नुसती पडून आहे. महिन्याला 22 हजार शिल्लक राहतात. वर्षात 40 दिवस बोट निघते, इंजीन दिवसाला दीड तास चालतं. पर्यटकांना मासेमारीला नेलं तर हप्ता निघेल. मुलगी पुढच्या वर्षी बारावीला आहे. करू का?

उत्तर: 40 एचपी घेऊ नका. आणि या महिन्यात तर कुठलीच घेऊ नका.

आधी तास बघू. 40 दिवस गुणिले दीड म्हणजे वर्षाला 60 तास. मोटरीचा सगळा हिशेब या आकड्यावर फिरतो. जुनी टू-स्ट्रोक संथ आणि जोरात मिळून तासाला 9 लिटरच्या आसपास पीत असणार, म्हणजे वर्षाला 540 लिटर. 105 रुपयांनी 56,700. वर 50 ला 1 या प्रमाणात जवळपास 11 लिटर टू-स्ट्रोक ऑइल, त्याचे पाचेक हजार. 40 ची फोर-स्ट्रोक सरासरी 6 लिटरवर येईल, 25 ची साडेचारवर. म्हणजे 25 एचपीला वर्षाचं पेट्रोल 270 लिटर, 28,350 रुपये. इंजीन ऑइल, फिल्टर आणि वार्षिक सर्व्हिसिंगला सहा हजार धरले तरी जुनीच्या तुलनेत वर्षाला 27 हजार वाचतात.

आता 25 ऐवजी 40 घेऊन हातात काय येतं? तुमच्या धक्क्यापासून लांबात लांबचं खोरं 9 किलोमीटर आहे असं तुम्हीच कळवलंत. तिघं बसून ही बोट 40 एचपीवर ताशी 40 च्या आसपास जाईल, 25 वर 30 च्या आसपास. पहिलीला साडेतेरा मिनिटं, दुसरीला अठरा. साडेचार मिनिटांसाठी 2 लाख 15 हजार जास्त मोजायचे, आणि तेही मासा सकाळी तुमची वाट बघत असल्यासारखे!

दुसरी गोष्ट वजनाची. जुनी टू-स्ट्रोक 40 सत्तर-पंचाहत्तर किलोची असते. आजची फोर-स्ट्रोक 40 शंभराच्या घरात जाते. ते जास्तीचं वजन बोटीच्या मागच्या फळीवर लटकतं, आणि जुन्या फायबर बोटीत त्या फळीच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं. मोटरीचे बोल्ट काढून भोकात तार फिरवा. ओला भुसा बाहेर आला, किंवा रबरी हातोडी मारल्यावर टणक आवाजाऐवजी भद्द आवाज आला, तर प्लाय कुजलंय. मग मोटर कुठलीही घ्या, फळी बदलल्याशिवाय चढवायची नाही. 25 ची फोर-स्ट्रोक साठ-सत्तर किलोत बसते, म्हणजे जुनीपेक्षा हलकीच. शाफ्टची लांबी मात्र मोजून कळवा: फळीची उंची 15 इंच असेल तर शॉर्ट, 20 असेल तर लाँग. इथे चूक झाली तर पंखा (प्रोपेलर) हवा ओढतो किंवा मोटर पाणी नांगरत जाते.

दुरुस्तीचा पर्याय तुम्ही फार लवकर सोडलात, म्हणून त्याचाही हिशेब मांडतो. 25 एचपीचे 3 लाख 25 हजार, त्यातून मेकॅनिक सुट्या भागांसाठी जुनी मोटर 35 हजारांना घ्यायला तयार आहे ते वजा, आणि दुरुस्तीचे 90 हजार वजा. फरक 2 लाखांचा. वर्षाला 27 हजार वाचले तर तो भरून यायला सात वर्षं लागतात. म्हणजे दुरुस्त केलेली मोटर टिकली तर पहिली सात वर्षं निव्वळ रुपयांत दुरुस्ती स्वस्त पडते. पण टिकेल का? 118 आणि 82 मध्ये तीस टक्क्यांचा फरक आहे. दहा-पंधराच्या पुढे गेला की बहुधा रिंगांवर भागत नाही, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) आणि पिस्टनपर्यंत जावं लागतं. गिअर ऑइल दुधाळ म्हणजे सीलमधून पाणी शिरलंय, आणि ते किती दिवस बेअरिंग खात होतं ते उघडल्याशिवाय कळत नाही. मेकॅनिकने 25 हजार न उघडताच सांगितलेत. गिअर ऑइल स्वच्छ असतं तर मी 65 हजार घालून इंजीन बांधून घ्या असंच म्हटलं असतं. दोन्ही टोकं गेलेल्या मोटरीत 90 हजार घालणं मला पटत नाही.

सेकंडहँड 40 वर वेळ घालवू नका. समुद्रावर चाललेल्या मोटरीच्या पाण्याच्या वाटांमध्ये मीठ बसलेलं असतं, बोल्ट गंजून अडकलेले असतात, आणि दुरुस्तीला माणूस पुन्हा घाट उतरूनच आणावा लागतो. बिल आणि सीरियल नंबर जुळत नसेल तर ती मोटर चोरीचीही असू शकते.

आता पैशांकडे. 3 लाखांचं सोनेतारण 10 टक्क्यांनी तीन वर्षांत फेडलं तर हप्ता 9,680 आणि व्याज साडेअठ्ठेचाळीस हजार. शेतीच्या नावावर कमी व्याजाने मिळतं म्हणून त्या खात्यातून काढायचा विचार असेल तर तोही नको. शेतीचं कर्ज मोटरीत घातलं तर बँक हरकत घेऊ शकते. दागिने कुणाचे आहेत आणि त्यांना विचारलंय का, हे पत्रात नाही.

एफडीला तुम्ही ‘नुसती पडून आहे’ म्हणता. ती पडून नाही. मे महिन्यात बियाणं आणि खताचा माल रोखीने उचलावा लागतो, शेतकऱ्याची उधारी मात्र दिवाळीच्या आसपास वसूल होते. मधले पाच महिने दुकानाचा भार हीच एफडी उचलते. पाऊस लांबला आणि दुबार पेरणीची वेळ आली की उधारी आणखी वाढते. पुढच्या वर्षी मुलीचा प्रवेश आणि वसतिगृह हेही त्याच ऐन हंगामात येणार. तेव्हा एफडीला हात लावायचा नाही.

पर्यटकांच्या कमाईवर हप्ता बेतणं हा तुमच्या योजनेतला सर्वांत कच्चा दुवा. भाडं घेऊन माणसं नेली की बोट हौशी राहत नाही. 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याखाली नोंदणी, तपासणी आणि विमा हे सगळं येतं. जलाशय पाटबंधारे खात्याचा, मासेमारीचा हक्क ठेक्याने दुसऱ्याकडे असू शकतो. मोटर कंपन्याही व्यावसायिक वापराला वॉरंटी बहुधा कमी मुदतीची देतात. हा धंदा करायचाच असेल तर तो स्वतंत्र मांडा, आधी परवानग्या काढा. मोटरीच्या हिशेबात त्याची कमाई शून्य धरा.

मग मोटर घ्यायची कधी? ऑक्टोबरमध्ये. आता एप्रिल आहे. घेतलीत तर महिनाभर फिराल आणि वॉरंटीतले चार महिने शेडमध्ये पावसाचा आवाज ऐकत जातील. एप्रिल ते सप्टेंबर 22 हजारांप्रमाणे 1 लाख 32 हजार साठतील. त्यात हातातले 1 लाख 60 हजार आणि जुनीचे 35 हजार मिळवा: 3 लाख 27 हजार. 25 एचपी कर्जाशिवाय येते आणि दोन हजार उरतात. ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, दुकानाच्या चालू खात्यात नको. जूनमध्ये ती युरियात जाईल.

कोटेशन सुटं सुटं मागा: मोटर, रिमोट कंट्रोल, केबली, पंखा, बॅटरी, फिटिंग, जीएसटी. जुना कंट्रोल दुसऱ्या कंपनीच्या मोटरीला बहुधा बसत नाही, आणि तिथेच शेवटच्या दिवशी वीस-तीस हजारांचा फटका बसतो.

सगळ्यात महत्त्वाचं पेट्रोल. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे लटकणाऱ्या अशा मोटरींच्या, माहितीपुस्तिकांत मर्यादा सहसा 10 टक्क्यांची असते. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पाइप तळातूनच ओढतो. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमध्ये मुरलेलं असतं, त्या तळच्या थरात नाही. तेवढा वेळ पिस्टन कोरडा घासतो. जावळीचा पावसाळा आणि टाकीत पाच महिने मिक्स पेट्रोल, एवढं पुरू शकतं. तुमच्या 82 पीएसआयमागे हेच असण्याची शक्यता मोठी आहे. दुसरा संशयित इंजीन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर (आतलं फिरतं चाक), तो कधी बदललाय ते आठवून बघा. नव्या मोटरीचंही असंच होऊ शकतं, म्हणून विक्रेत्याकडून 20 टक्के इथेनॉलवर वॉरंटी चालते का हे लेखी घ्या. ‘चालतं हो सगळं’ हे तोंडी उत्तर क्लेमच्या वेळी उपयोगी पडत नाही.

टाकी आणि मोटरीच्या मध्ये 10 मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. शनिवार-रविवारपुरतं दहा-बारा लिटरच भरा. मे संपताना टाकी रिकामी करा, मोटरीच्या आतलं पेट्रोल काढायचा स्क्रू कुठे आहे ते फिटिंगच्या दिवशीच दाखवून घ्या, गिअर ऑइल बदला आणि मोटर उभी ठेवा. पहिली सर्व्हिसिंग 20 तासांना. ती चुकवली की वॉरंटीवर वाद होतो. गंज रोखणारा अ‍ॅनोड जस्ताचा नको, गोड्या पाण्यात त्यावर थर बसून तो निकामी होतो. अ‍ॅल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमचा मागा.

पंख्याची बोली पैसे देण्याआधी करून घ्या. कण्हेर सातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि दर तीनशे मीटरला इंजिनाची ताकद साधारण तीन टक्के घटते. 25 एचपी तिथे 23 च्या जवळ उतरते. किनाऱ्यावरचा विक्रेता समुद्रसपाटीचा पंखा देईल. तिघं, पूर्ण सामान आणि पूर्ण थ्रॉटल अशी चाचणी घ्या. फेरे पुस्तिकेतल्या टप्प्यात, बहुतेक मोटरींना मिनिटाला 5000 ते 6000, बसले पाहिजेत. 4800 वरच अडकली तर एक इंच कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढे सरकणारा) पंखा घाला, फेरे दीड-दोनशेने चढतात. बदलीचा पंखा चाचणीनंतर विनामूल्य मिळेल, हे बिलावर लिहून घ्या.