जाळं विणलंत ते ठीक, बघे कशाला बोलावलेत?

पत्र: मी ग्रीक देवांचा लोहार. जन्मतःच पायानं अधू, म्हणून आईनंच देवांच्या ऑलिम्पस पर्वतावरून फेकून दिलं. बायको, प्रेमदेवता अफ्रोडायटी, माझ्या माघारी युद्धदेव एरीससोबत असते, हे सूर्यदेवानं येऊन सांगितलं. मी पलंगावर जाळं लावून दोघांना पकडलं आणि सगळ्या देवांना बोलावलं. ते हसत सुटले. माझं काय चुकलं? – हेफेस्टस

हेफेस्टसराव,

तुम्ही माझ्यापेक्षा काही हजार वर्षांनी मोठे, म्हणून अहोजाहो करते. पण कान धरणार धाकट्या भावाचा धरावा तसाच.

जाळं कोळिष्टकासारखं तलम, देवांनाही न दिसणारं, आणि एरीससारख्या दांडगटाला हात हलवता येऊ नये इतकं पक्कं. कारागिरीला तोड नाही. पण हसं कुणाचं झालं? अपोलोनं हर्मिसला विचारलं, अशा बेड्यांत हिच्याशेजारी निजशील का? तो म्हणाला, तिप्पट बेड्या घाला, तरी निजेन! हा हशा तुमच्याच दारात, तुमच्यादेखत पिकला. (देवी मात्र लाजेनं घरीच थांबल्या. शहाण्या.) वर तुम्ही लग्नात सासऱ्याला दिलेलं देज परत मागितलंत, समुद्रदेव पोसायडन एरीसला जामीन राहिला, आणि सुटल्याबरोबर एरीस थ्रेसला, अफ्रोडायटी सायप्रसला.

आईनं टाकलं, तर तिला सोन्याचं सिंहासन पाठवलंत; बसली ती अडकलीच. बायकोनं फसवलं, तर जाळं. मन दुखावलं की तुम्ही फास घडवता. आणि आईनं फेकल्यावर थेटिस-युरिनोमी या समुद्रदेवतांनी समुद्राच्या गुहेत नऊ वर्षं सांभाळलं, तेव्हा? बांगड्या, हार, पेले! पुढे थेटिस लेकासाठी ढाल मागायला आली, तेव्हा भाते बाजूला सारलेत, हत्यारं चांदीच्या पेटीत ठेवलीत, तोंड, मान, केसाळ छाती स्पंजनं पुसलीत आणि अंगरखा चढवून लंगडत बाहेर आलात. असं आवरून कधी एरीसच्या मागे धावला होतात का?

अफ्रोडायटीचा नाद सोडा. देज मिळालं तर घ्या, नाहीतर त्यावर पाणी सोडा. तुमच्या हातांना काय कमी आहे?

त्या दोघांना गाफील ठेवायला ‘लेम्नॉसला जातो’ असं खोटंच सांगून निघाला होतात ना? आता त्या बेटावर खरंच जा. पूर्वी एकदा देवराज झ्यूसनंही फेकलं, तेव्हा दिवसभर खाली येत होतात, सूर्य बुडताना तिथे आदळलात, आणि तिथल्या सिंतियन लोकांनी तुम्हाला उचलून सांभाळलं. निघण्याआधी ते जाळं भट्टीत टाका. धातू चांगला दिसतोय, थेटिससाठी पेल्यांची एक जोडी सहज होईल.