समाजशास्त्र मान्य केले की इच्छास्वातंत्र्य संपते का?

समाजाच्या वागण्याचे नियम आकडेवारीतून सापडत असतील, तर एकेका माणसाला इच्छास्वातंत्र्य उरते का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते उरते. आणि उरत नाही असे सांगणाऱ्यांना बहुधा स्वतःच्या वागण्याचा जाब टाळायचा असतो.

एम. ए.च्या प्रकल्पासाठी मी आठवडाभर संध्याकाळी पुण्याच्या अलका टॉकीज चौकात वही घेऊन उभा राहत असे आणि लाल दिवा असताना पांढरा पट्टा ओलांडणाऱ्या प्रत्येक दुचाकीसाठी एक रेघ ओढत असे, चार उभ्या आणि पाचवी आडवी. माणसे रोज वेगळी, तरी शेकडा प्रमाण जवळपास तेच येई. चौथ्या दिवशी माझे थोरले मेव्हणे मला हात करीत लाल दिव्यातून स्कूटर घेऊन गेले, आणि त्यांचीही रेघ मी ओढली. रात्री जेवताना ती दाखवली, तेव्हा ते म्हणाले, "तुझ्याच तक्त्याप्रमाणे कोणीतरी सिग्नल तोडणारच होते, मग मी कसला दोषी?" बहिणीसकट सगळे हसले.

गुन्ह्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे फारसे बदलत नाही, हे बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी १८३५ मध्ये मांडल्यापासून हा युक्तिवाद चालत आला आहे. परंतु प्रमाण समूहाचे असते. त्यात कोण असेल, हे ते सांगत नाही. समूहाचा शिक्का व्यक्तीवर मारला की काय होते, हे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दाखवले; जन्मावरून माणसाला गुन्हेगार ठरवणारा तो कायदा १९५२ पर्यंत टिकला, आणि त्याला शास्त्रीय म्हणवत नाही.

पाचव्या दिवशी चौकात मामा, म्हणजे वाहतूक पोलीस, उभे होते. वहीचे पान निम्मे कोरे राहिले, आणि मेव्हणे पट्ट्यामागे पाय टेकवून निमूट थांबले होते. कारण समोर आले की वागणे बदलता येते, एवढे स्वातंत्र्य मला पुरेसे वाटते, आणि समाजशास्त्र अभ्यासते तीही अशीच कारणे. मेंदूतील प्रत्येक हालचाल आधीच ठरलेली असते का, हे मात्र भौतिकशास्त्रज्ञांना विचारावे.

अर्थात व्यसनात किंवा उपासमारीत सापडलेल्या माणसाला स्कूटरवाल्याइतकी मोकळीक नसते, हे मान्य आहे. मेव्हण्यांना मात्र ती पुरेपूर होती, आणि पाचव्या दिवसाचा विषय काढला की ते अजूनही भाताकडे बघत आमटी मागतात.