जातं उलटं फिरवलं तर?

कराडहून लिहिणाऱ्या वडिलांना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगी अकरावी सायन्सला, चित्रकलेच्या इंटरमिजिएटला ए ग्रेड, क्लास जेईईचा लावलेला. सुट्टीत पुण्याला मावशीकडे गेलात आणि तिथल्या एका डिझाइन कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं कला-तंत्रज्ञानाचं प्रदर्शन दोघांनी पाहिलंत. घरी आल्यापासून तिचं एकच पालुपद: मला हेच करायचंय. तुम्ही विचारता, एक खेळणं बघून कुणी करिअर ठरवतं का? ही धड चित्रकला नाही, धड इंजिनिअरिंग नाही, यात पोट भरेल का?

ते खेळणं म्हणजे जातं. तुम्ही ते दोन ओळींत उरकलंय, पण पत्रातला सगळ्यात मोलाचा मजकूर तोच आहे. खुंटा धरून फिरवलं की ओवी ऐकू येते. हळू फिरवलं की सूर लांबतो, भरभर फिरवलं की गाणारी बाई चिमणीसारखी चिवचिवते. सगळे हसले, तुम्हीही हसलात आणि पुढच्या टेबलाकडे गेलात. मुलगी मात्र तिथेच उकिडवी बसून जात्याखाली डोकावत राहिली. मग तिनं ते बनवणाऱ्या मुलाला विचारलं, ‘उलटं फिरवलं तर ओवी उलटी का नाही वाजत?’ तो गडबडला.

गडबडणारच. माझ्या अंदाजानं वरच्या तळीला लोहचुंबक चिकटवलेले असणार आणि खाली एकच सेन्सर. चुंबक समोरून गेला की एक टिचकी मोजली जाते. टिचक्यांवरून वेग कळतो, दिशा कळत नाही. दिशेसाठी थोड्या अंतरावर दुसरा सेन्सर बसवावा लागतो, म्हणजे दोघांतला आधी कोण जागा झाला ते बघता येतं. शेकडो लोकांनी ते जातं फिरवलं असेल. नेमकी उणीव तुमच्या लेकीच्या लक्षात आली, तीही कुणी न सांगता.

मुलांना अशा प्रदर्शनांना नेतो तेव्हा मी वस्तूंपेक्षा मुलांकडेच जास्त बघतो. बरीचशी फोटो काढून पुढे जातात, त्यात गैर काही नाही. एखादं काळ्या कापडामागे शिरून वायरी शोधतं. एखादं लांब उभं राहून लोक कुठे अडखळतात, हात कुठे नेतात ते न्याहाळतं. या शेवटच्या दोघांच्या पालकांशी मी वेगळं बोलतो.

आता पोटाचं. निव्वळ अशा कलाकृती करून घर चालवणारे थोडे, हे स्पष्टच सांगतो. बाकीचे मोबाइल ॲपचे पडदे आखतात, वैद्यकीय उपकरणं, खेळणी, संग्रहालयांची दालनं, गेम यांवर काम करतात. प्रदर्शनातलं जातं विकलं जाणार नाही. पण माणसानं हात लावल्यावर यंत्रानं कसं वागावं, हा त्यामागचा विचार विकला जातो आणि त्याला बरे पैसे मिळतात.

सायन्स सोडायची गरज नाही, जेईईचा क्लासही राहू द्या. बी.डेस. म्हणजे डिझाइनची पदवी; तिच्यासाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा असते. साधारण ऑक्टोबरमध्ये अर्ज, जानेवारीत पेपर. एक भाग कॉम्प्युटरवर, दुसरा कागदावर हातानं काढायचा. बारावीची कुठलीही शाखा चालते, पण लागोपाठच्या वर्षांत मिळून दोनच संधी मिळतात, म्हणून ‘नुसतं देऊन बघू’ असं करू नका. एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, प्रवेश परीक्षा वेगळी. आणि तुमच्या काळजीवर उतारा सांगतो: आयआयटी मुंबईतलं आयडीसी, म्हणजे तिथला डिझाइनचा विभाग, 1969 मध्ये सुरू झालं, पण तिथे बारावीनंतरचा बी.डेस. आला 2015 मध्ये. त्याआधी तिथे डिझाइन शिकायला मुलं दुसरी पदवी घेऊनच जायची, त्यांत इंजिनिअरही असायचे. ती वाट आजही सीड या पदवीनंतरच्या प्रवेश परीक्षेतून उघडी आहे. आज इंजिनिअरिंगला गेली तरी दार बंद होत नाही.

खासगी कॉलेज बघणार असाल तर चकचकीत माहितीपत्रक बाजूला ठेवा. वर्कशॉप रात्री उघडं असतं का, लेझर कटरवर मुलं स्वतः काम करतात की फाइल देऊन बाहेर उभी राहतात, हे तिथल्या विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये विचारा. फी भरायच्या आधी. पुढच्या प्रदर्शनात वस्तूंबरोबर त्यांच्या कच्च्या वह्याही मागून बघा. दाखवायला लाजतात, पण आग्रह केला की दाखवतात. खाडाखोड नसलेली वही दिसली तर मला तरी शंका येते.

तोवर हिला कामाला लावा. आर्डुइनो नावाचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड मिळतो, त्याला सेन्सर जोडून प्रोग्रॅम चालवता येतो. 2005 च्या सुमारास इटलीतल्या इव्रिया गावी, इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठीच तो तयार झाला. मूळ बोर्ड महाग वाटला तर त्याची नक्कल काहीशे रुपयांत येते. पुण्याला गेलात की बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दोन हॉल सेन्सर (चुंबक जवळ आल्याचं ओळखणारे) आणि चार छोटे चुंबकही घ्या. जातं नसलं तर सायकल उलटी करून तिचं चाक चालेल. ओवी आजीकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायची. दिशा ओळखता आली की मला तिच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो पाठवा, खाडाखोडीसकट.