वाचकांचे प्रश्न : आरमार बुडाले ते तोफांनी की तहाने?

प्रश्न : सुवर्णदुर्ग पाहताना मनात आले, की आंग्र्यांचे आरमार नेमके कशामुळे संपले? – एक वाचक, हर्णै

उत्तर : आग लागली ती तोफांनी, पण त्या तोफांना वाट मोकळी करून दिली एका कराराने. या आरमाराचे प्रमुख तुळाजी आंग्रे आपल्याला जुमानत नाहीत म्हणून नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार केला आणि त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी विजयदुर्गावर मारा केला, तेव्हा तुळाजींचे वडील कान्होजी यांच्या काळापासून इंग्रजांना धाक घालणारी गलबते बंदरातच जळाली. घरातले भांडण मिटवण्यासाठी परक्या आरमाराला बोलावले गेले, ही गोष्ट आजही मनाला लागते.

इंग्रजांनी विजयदुर्गही लगेच सोडला नाही. ऑक्टोबर १७५६ च्या तहात बाणकोटचा किल्ला पदरात पडल्यावरच तो पेशव्यांकडे आला. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी वसईला तह करून इंग्रजांची तैनाती फौज, म्हणजे पेशव्यांच्या खर्चाने त्यांच्या राज्यात राहणारी इंग्रजांची फौज, स्वीकारली, आणि त्यासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून देण्याचे मान्य केले. शिंदे व भोसले यांना हा तह मानवला नाही आणि १८०३ मध्ये युद्ध पेटले.